वासाची वही, धुळीची वही

पत्र असं आहे (थोडं कापून देते आहे):

"ताई, आम्ही चेंबूरला टिळकनगरात राहतो. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना दमा आहे. दिवाळी झाली की आमच्या घरात खोकला मुक्कामाला येतो तो होळीपर्यंत जात नाही. खिडकीच्या जाळीवर रोज बोटभर काळपट भुकटी. आजूबाजूला तीन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. शिवाय काही रात्री अकरानंतर वास येतो, कधी पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखा, कधी जळक्या कचऱ्याचा. मोबाइलवर बघावं तर हवा 'समाधानकारक'! नवरा म्हणतो, घर विकू आणि पनवेलकडे जाऊ, पूर्वी असं नव्हतं. सासूबाई म्हणतात, मी १९७४ साली लग्न होऊन आले तेव्हा याहून वाईट होतं, मी जगले ना? आणि पहाटे साडेपाचचं फिरणं काही सोडत नाहीत, म्हणे पहाटेची हवा शुद्ध. मुलाचं फुटबॉल सकाळी साडेसहाला. प्युरिफायर घेऊ का? तक्रार करून काही होतं का? की खरंच घर विकू?"

पत्र वाचून आधी तुमच्या सासूबाईंची बाजू घ्यावीशी वाटली, कारण मीही त्याच हवेत वाढले. आमचं घर वाशी नाक्याच्या बाजूला होतं. आई पांढरी पातळं गच्चीवर वाळत घालायची नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना करडा काठ यायचा. माटुंग्याचे नातेवाईक आमच्याकडे यायचं म्हटलं की "गॅस चेंबरला जायचंय" असं म्हणून हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. १९५४-५५ मध्ये माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, त्याच सुमारास ट्रॉम्बेचं वीज केंद्र, साठच्या दशकात खताचा कारखाना. इकडे देवनारला कचरा तर १९२७ पासून टाकतात. म्हणजे सासूबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा त्या चुकीच्या वाऱ्याच्या मधोमध आल्या होत्या. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. त्या सांगतात ते खरं आहे.

आणि तुमचे यजमान म्हणतात तेही खरं आहे. घरातलं भांडण मिटत नाही त्याचं कारण एवढंच, की दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. सासूबाई बोलतात वायूबद्दल आणि यजमान धुळीबद्दल. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की सोपं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेव्हाच्या चेंबूरच्या हवेत मुख्य त्रास होता गंधकाचा, म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा. जड तेल जाळा, गंधकवाला कोळसा जाळा, की तो आलाच. पुढे वीज केंद्रात नैसर्गिक वायू आणि कमी गंधकाचा कोळसा आला, धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रं बसली, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून थंडावली. टॅक्सीवाल्यांना सीएनजीवर यावं लागलं, तेही उच्च न्यायालयाने कान पिळल्यावर. १ एप्रिल २०२० पासून तर बीएस-६ दर्जाचं, म्हणजे अगदी कमी गंधकाचं इंधन आलं. आज मुंबईतल्या नोंदी पाहिल्या तर सल्फर डायऑक्साइड दर घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वार्षिक मर्यादेच्या बराच खाली असतो. हे आपोआप झालं नाही. धुराविरुद्ध मुंबईत पहिला कायदा १९१२ सालचा आहे, त्यातून गिरण्यांच्या धुराड्यांवर लक्ष ठेवायला निरीक्षक नेमले जायचे. शंभर वर्षं कुणी ना कुणी मागे लागलं होतं तेव्हा कुठे एक वायू आवाक्यात आला.

धुळीचं मात्र उलट झालं. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कणांची, म्हणजे पीएम १० ची वार्षिक मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम, आणि मुंबई ती वर्षानुवर्षं ओलांडते आहे. ही धूळ येते कुठून? उखडलेले रस्ते, बांधकाम, डेब्रिज वाहणारे उघडे ट्रक, काँक्रीट कालवणारे प्लांट, आणि चाकांखाली रोज नव्याने उडणारी तीच जुनी माती. तुमच्या जाळीवरची भुकटी बरीचशी ही. त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनच्या आतले कण हे जास्त करून जळण्यातून येतात: डिझेल, कचरा, लाकूड, कोळसा. आपला पावसुद्धा यात आला बरं का. अनेक बेकऱ्यांच्या भट्ट्या भंगार लाकडावर चालत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना आणि तंदूरवाल्यांना स्वच्छ इंधनावर यायला सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की वडापावलाही धुराडं असतं. हे बारीक कण जाळीवर दिसत नाहीत, नाकाला जाणवत नाहीत, आणि फुप्फुसात सगळ्यांत खोल तेच जातात. सासूबाईंच्या दम्याला बाधतात ते प्रामुख्याने हेच.

आता पहाटेचं फिरणं. इथे मला सासूबाईंच्या विरुद्ध जावं लागणार आहे, क्षमा असावी.

डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात कारखान्यांचं शहर असलं की हवा कोंडते, हे आपण भूगोलात शिकलो. मुंबईकराला वाटतं, आपल्याला समुद्र आहे, आपलं तसं होत नाही. पावसाळ्यात नाहीच होत. पण डिसेंबरच्या रात्री जमीन गार पडते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि वर उबदार हवेचा थर तसाच राहतो. गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. मग रात्रभर रस्त्यांवरून गेलेले ट्रक, शेकोट्या, कुणी पेटवलेला पालापाचोळा, सगळं त्या झाकणाखाली मुरत राहतं. वाराही रात्री जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. पहाटे साडेपाचला सासूबाई ज्या हवेत दीर्घ श्वास घेतात ती आदल्या संध्याकाळपासून साठलेली असते. सूर्य वर आला, जमीन तापली, की साधारण नऊ-दहानंतर झाकण उचललं जातं. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, आणि तीन ते पाचच्या सुमारास हिवाळ्यातली त्यातल्या त्यात बरी हवा मिळते. पहाटेची हवा शुद्ध ही म्हण शेतावर राहणाऱ्यांनी केलेली आहे, वाशी नाक्यावर राहणाऱ्यांनी नव्हे.

हे झाकण कधी कधी दिवसचे दिवस उचललं जात नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारा मंदावला आणि काही दिवस मुंबईचा प्रदूषणाचा आकडा दिल्लीच्या पुढे गेला. ते ऐकून दिल्लीतली माझी भाची मला चिडवत होती, तेव्हा मी फोन ठेवून दिला.

तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी फिरणं चार-साडेचारला. "सोडा" म्हणू नका, "वेळ बदला" म्हणा, म्हणजे अपमान वाटत नाही. मुलाच्या फुटबॉलचंही तेच. पळताना मूल कितीतरी जास्त हवा आत घेतं, आणि त्याची फुप्फुसं अजून वाढताहेत. प्रशिक्षकांशी चार पालकांनी मिळून बोला. एकट्याने बोललात तर तुमच्या मुलाला "नाजूक" ठरवतील. हिवाळ्यापुरती संध्याकाळची बॅच करा म्हणावं.

मोबाइलवरचं "समाधानकारक" का चिडवतं तेही सांगते. आपला हवा निर्देशांक २०१५ मध्ये आला. त्यात आठ घटक मोजतात आणि बहुतेकांची चोवीस तासांची सरासरी काढतात. तुमच्याकडे रात्री अकरा ते एक जो वास येतो तो उरलेल्या बावीस तासांत विरघळून जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेट्रोल पंपासारखा वास ज्या वाफांचा असतो, बेंझीन, टोल्युइन वगैरे, त्या या आठांत नाहीतच. बेंझीनची सरकारी मर्यादा आहे, वर्षाला ५ मायक्रोग्रॅम, पण निर्देशांकाच्या रंगीत पट्टीत त्याला जागा नाही. म्हणजे वास कितीही असला तरी पट्टी हिरवी राहू शकते, आणि वास अजिबात नसताना लाल होऊ शकते. दुसरं असं की आपल्याकडे बारीक कण ६० मायक्रोग्रॅम असले तर आकडा १०० येतो, "समाधानकारक"च्या शेवटच्या पायरीवर. परदेशी ॲप तेवढ्याच कणांना दीडशेच्या वर आकडा देतं. जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची शिफारस तर १५ आहे. म्हणून दोन ॲपचे आकडे एकमेकांशी ताडू नका. 'समीर' हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ॲप आहे, ते एकच ठेवा, आणि त्यात शहराचा आकडा न बघता जवळच्या केंद्राचा बघा, आणि कुठला घटक पुढे आहे तो बघा. दमेकरी घरात असेल तर आकडा १०० च्या वर गेला की सावध व्हायचं. पट्टीवरचं विशेषण वाचायचंच नाही.

प्युरिफायर घ्यायला हरकत नाही, पण तो धुळीच्या बाजूचा उपाय आहे, वासाच्या नाही. हेपा फिल्टर कण अडवतो. वाफा त्यातून सरळ जातात. कार्बनचा थर असतो तो थोडा वास धरतो आणि भरला की गप्प बसतो. एकच घ्या, सासूबाईंच्या झोपायच्या खोलीत ठेवा, खोलीच्या मापाचा घ्या, खिडकी लावून रात्रभर चालवा. फिल्टर बदलायचा खर्च आधी विचारा. बैठकीच्या खोलीत दार उघडं टाकून लावलेला प्युरिफायर म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं. मास्कचंही तसंच. चांगला घट्ट बसणारा एन-९५ कण थांबवतो, वाफ थांबवत नाही. ओढणी किंवा रुमालाने बारीक कणही थांबत नाहीत आणि वाफही.

घरातली धूळ मात्र फुकटात कमी होते. कोरडा झाडू बंद करा किंवा निदान सासूबाई खोलीत असताना मारू नका. ओलं फडकं मारा, जाळ्या आठवड्याला धुवा. खिडक्या सकाळी उठल्या उठल्या उघडायची आपली सवय हिवाळ्यात मोडा, दुपारी उघडा. डासांची कॉइल आजपासून बंद, मच्छरदाणी लावा. उदबत्ती, धूप यांबद्दल मी सासूबाईंशी वाद घालणार नाही, तुम्हीही घालू नका. फक्त देव स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या जवळ असला तर बरं. मिरच्यांची फोडणी देताना पंखा आधी लावा, ठसका लागल्यावर नको.

दम्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही सांगणार नाही, एवढं सोडून: "पंपाची सवय लागते" म्हणून रोजचा पंप मध्येच थांबवत असतील तर तसं करू नका. एक पंप रोज घ्यायचा असतो, दुसरा धाप लागल्यावर. कुठला कोणता ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा तपासणी, आणि फ्लूच्या लशीबद्दल विचारा.

आता तक्रार. होतं का काही? होतं, पण धुळीची तक्रार एका दारात आणि वासाची दुसऱ्या. लोक दोन्ही एका अर्जात कोंबतात आणि तो अर्ज दोन कार्यालयांमध्ये टेनिस खेळत राहतो.

धूळ महापालिकेची. तुमच्यासाठी एम-पश्चिम विभाग कार्यालय, किंवा पालिकेचा फोन क्रमांक १९१६. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: एक एकरापेक्षा मोठ्या जागेला निदान ३५ फूट उंच पत्र्याचं कुंपण, लहान जागेला २५ फूट, बांधकामाला ओलं हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं, डेब्रिज झाकून नेणं. तुमच्या तीन इमारतींपैकी कुठली काय पाळत नाही ते खिडकीतून दिसतं. "धूळ फार आहे" असं लिहू नका. "अमुक तारखेला सकाळी ८.१० ला न झाकलेला डंपर बाहेर पडला, चाकं धुतली नाहीत, फोटो जोडला आहे" असं लिहा. नियमाच्या भाषेत लिहिलेल्या तक्रारीला उत्तर द्यावं लागतं. पालिका कडक होऊ शकते हेही आपण पाहिलं आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आकडा २०० च्या वर गेला तेव्हा भायखळा आणि बोरिवली पूर्वेतली सगळी बांधकामं तिने थांबवली होती.

वास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, त्यांचं मुख्यालय शीवला आहे. त्याआधी एक: गॅससारखा वास आला की पहिल्यांदा स्वतःचा सिलिंडर किंवा पाइपलाइन तपासा. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. घरात नाही ना, याची खात्री झाल्यावर मगच माहुलकडे बोट दाखवा.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. एकदा रात्री बाराच्या वासाची लेखी तक्रार केली. चार दिवसांनी सकाळी अकराला एका कार्यालयातून एक गृहस्थ आले, गच्चीवर उभे राहिले, नाक वर करून म्हणाले, "मॅडम, मला तर काही येत नाही." सकाळी अकराला येणार कसा? वारा फिरलेला. मी चहा दिला आणि त्यांनी "वास आढळला नाही" असं लिहून नेलं. त्या दिवसापासून मी वही सुरू केली.

वहीत चार गोष्टी: तारीख, वेळ, वास कशासारखा, वारा कुठून. शेवटची सगळ्यांत मोलाची. तुमच्या घरापासून माहुल आणि खताचा कारखाना दक्षिणेला, देवनार पूर्वेला. जळक्या कचऱ्याचा वास पूर्वेच्या वाऱ्यावर येतो की नाही, पेट्रोलचा दक्षिणेच्या वाऱ्यावर येतो की नाही, हे महिन्याभरात वहीच सांगेल. वारा बघायला गच्चीवर एक चिंधी बांधली तरी पुरे. सोसायटीतल्या दहा-पंधरा घरांनी अशा वह्या ठेवल्या तर उत्तम. एका घराला "वारा बदलला असेल" म्हणता येतं. पंधरा घरांनी एकाच रात्री एकच वास एकाच वेळी लिहून ठेवला असेल तर तसं म्हणणं जड जातं.

माहुलच्या गावकऱ्यांनी हेच केलं. कोळीवाड्यातली साधी माणसं, पण पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली, वर्षानुवर्षं चिकटून राहिली. रसायनांच्या टाक्या भरताना-रिकाम्या करताना निसटणाऱ्या वाफांचा मुद्दा तिथे सिद्ध झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली. वास लगेच गेला नाही. पण "तुम्हाला भास होतो" हे उत्तर कायमचं गेलं. माहुललाच प्रकल्पग्रस्तांना घरं दिली होती. तिथे राहायला न जाणाऱ्यांना दरमहा १५ हजार भाडं द्या, असं उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, तेही लोक अडून बसले म्हणून.

राहता राहिलं घर. विकू नका असं मी म्हणणार नाही, पण पनवेलच्या हवेसाठी विकत असाल तर आधी नीट बघा. पनवेलच्या शेजारी तळोज्याची एमआयडीसी आहे. डोंबिवलीत २०२० मध्ये कारखान्यांच्या रसायनांनी रस्ता गुलाबी झालेला आपण टीव्हीवर पाहिला. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक भागांना गुण दिले होते, हवा-पाणी-जमीन मिळून, जितके जास्त तितकं वाईट. त्यात चेंबूरला ६९.१९, नवी मुंबईला ७३.७७ आणि डोंबिवलीला ७८.४१. आकडे जुने आहेत, त्यावर घराचा निर्णय घेऊ नका, पण "चेंबूर सोडलं की सुटलो" या समजुतीला ते पुरेसे आहेत. शिवाय यजमानांची नोकरी इकडेच राहणार असेल तर रोजचे दोन-अडीच तास ते हायवेच्या धुरात काढणार, तो धूर हिशेबात धरलाय का?

लोक फ्लॅट बघायला रविवारी दुपारी जातात. रविवारी दुपारी हवा सगळीकडेच बरी असते. बघायचाच असेल तर डिसेंबरात एखाद्या ओळखीच्यांकडे दोन रात्री राहा, रात्री बाराला आणि पहाटे सहाला गॅलरीत उभ्या राहा. मोठ्या रस्त्याला लागून घर नको, मग गाव कुठलंही असो. आणि टिळकनगरातच राहायचं ठरलं तर तेही चुकीचं नाही. तुमच्या शेजारचे पुनर्विकास कधीतरी पुरे होतील.

वही सासूबाईंकडे द्या. पन्नास वर्षांत खत, तेल आणि कचरा यांचे वास त्यांना वेगवेगळे ओळखता येत असणार, ते तुम्हाला-मला जमणार नाही. रात्री झोप लागत नाही असं त्या म्हणत असतील तर आणखीच चांगलं. फक्त वहीला पेन दोऱ्याने बांधून ठेवा. आमच्याकडे ऐन वासाच्या वेळी पेन कधीच सापडायचं नाही.